हळदीच्या कॅप्सूल, पोटातले जिवाणू आणि माझा एंडोमेट्रिओसिस: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) परत जागेवर आलं, त्यामुळे आता हे शांतपणे लिहिता येईल.

दोन बाटल्यांचं एक कॉम्बो मी उन्हाळ्यात सुरू केलं आणि दिवाळीच्या तोंडावर बंद केलं. पहिली बाटली वनस्पतींच्या अर्कांची: ९५ टक्के कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) असलेला हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, ग्रीन टीचा अर्क, रेझव्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीत असणारं द्रव्य), आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत काळ्या मिरीचा अर्क ५ मिलिग्रॅम. दुसरी प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवाणूंची. दोन्हींचे मिळून महिन्याला १,८९९ रुपये. एंडो (एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या बायकांना ही यादी पाठ असते, म्हणून घटकांची फार ओळख करून देत बसत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण अशाच बाटल्या आता कितीतरी जण विकतात आणि माझी मुख्य तक्रार त्या सगळ्यांना लागू पडते. ती तक्रार त्या ५ मिलिग्रॅम मिरीची आहे.

माझी परिस्थिती थोडक्यात. डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली एंडोची गाठ) होती, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, त्यानंतर रोज डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, २ मिलिग्रॅम. त्या गोळीने पाळी थांबली आणि आडवं पाडणारं दुखणं गेलं. राहिलं ते पोट. सकाळी ठीक असलेलं पोट संध्याकाळपर्यंत इतकं फुगायचं की कुर्ता अंगाला घट्ट व्हायचा. अधूनमधून शौचाला बसताना खोलवर कळ यायची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सोनोग्राफीत नवीन काही नाही, गोळी चालू ठेवा. मला त्या पोटासाठी काहीतरी हवं होतं. तेवढ्यासाठीच हे घेतलं.

घेण्यामागचं कारण मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. आपलं यकृत काम झालेल्या इस्ट्रोजेनला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ते पित्तातून आतड्यात पाठवतं, म्हणजे ते बाहेर पडावं. आतड्यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरॉनिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ती जोडणी तोडतं, आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात शिरतं. इस्ट्रोजेनवर असं काम करणाऱ्या जिवाणूंच्या जनुकांच्या समूहाला प्लॉटेल आणि ब्लेझर या संशोधकांनी २०११ मध्ये ‘इस्ट्रोबोलोम’ म्हटलं. एंडोच्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात हे तर आपल्याला पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१९ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिल्यावर त्यांच्या गाठी लहान राहिल्या, आणि आजारी उंदरांची विष्ठा त्यांना दिल्यावर गाठी पुन्हा वाढल्या. जिवाणूंचा हात आहे, हे यातून स्पष्ट दिसतं. निदान उंदरांत तरी.

म्हणून ‘जिवाणू सांभाळा’ या विचारावर माझा राग नाही. राग आहे तो त्या विचाराच्या नावाखाली बाटलीत जे भरलं जातं त्यावर.

आधी प्रोबायोटिकबद्दल सांगते. पार्सल मे महिन्यात आलं. नागपूरचा मे. शनिवार-रविवार धरून ते वाडीच्या गोडाऊनमध्ये पडून होतं, असं ट्रॅकिंगमध्ये दिसत होतं. बाटलीवर स्पष्ट छापलं होतं, ‘२५ अंशांच्या खाली ठेवा’. मी कस्टमर केअरला साधे दोन प्रश्न विचारले. यातल्या जिवाणूंचा स्ट्रेन नंबर (एकाच जातीतला नेमका वाण ओळखण्याचा क्रमांक) काय, आणि बाटलीवरचा १,००० कोटी जिवाणूंचा आकडा बनवतानाचा आहे की मुदत संपेपर्यंतचा? पहिलं उत्तर आलं ते पुढच्या ऑर्डरवर सवलतीचं कूपन. दुसरं उत्तर, ‘आमचं मिश्रण गोपनीय आहे’. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिकीट ‘निकाली’ म्हणून बंद केलं.

हे प्रश्न मी हौसेने विचारले नव्हते. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोबायोटिकच्या वेष्टनावर वंश, जात आणि स्ट्रेन लिहावा, आणि मुदत संपताना किती जिवंत जिवाणू उरतात ते द्यावं, असं म्हटलेलं आहे. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस’ लिहून काही कळत नाही, कारण अभ्यास विशिष्ट जिवाणूंवर झालेले असतात. जपानमध्ये पाळीच्या दुखण्यावर जो उपयोग दिसला तो लॅक्टोबॅसिलस गॅसेरी ओएलएल २८०९ या एका स्ट्रेनचा, तोही उष्णतेने मारलेल्या जिवाणूंचा. इराणमध्ये २०१९ साली एंडोच्या ३७ बायकांवर आठ आठवडे चाचणी झाली. तिच्यात चार ठरावीक लॅक्टोबॅसिलसचं मिश्रण होतं आणि दुखणं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलपेक्षा) जास्त कमी झालं. ३७ म्हणजे फार लहान चाचणी, पण निदान त्यांनी काय दिलं ते तरी सांगितलं. माझ्या बाटलीच्या जाहिरातीत हाच इराणचा अभ्यास वापरला होता, आणि बाटलीत त्या चारपैकी दोनच होते.

त्यात भर म्हणजे कॅप्सूलमध्ये एफओएस (आतड्यात आंबणारी एक साखर) घातलेलं होतं, जिवाणूंचं खाणं म्हणून. पहिले काही आठवडे पोट आधीपेक्षा जास्त फुगलं. एंडोच्या बऱ्याच जणींचं आतडं असल्या साखरांना संवेदनशील असतं. ऑस्ट्रेलियात मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी ३५ बायकांवर तपासलं, तेव्हा अशा आंबणाऱ्या साखरा कमी केल्यावर पोटाचा त्रास उतरला. आणि इथे औषध म्हणून तीच साखर.

तरीही श्रावण येईपर्यंत माझं मत बरंच बदललं होतं. फुगणं खरंच कमी झालं. शौचाला नियमितपणा आला, संध्याकाळचे कपडे बदलावे लागेनात. त्या दिवसांत मी इतर मैत्रिणींना ‘घेऊन बघा’ असंच सांगत होते, आणि श्रेय दोन्ही बाटल्यांना देत होते. आई म्हणायची, “अगं, हळद घरात आहे की. एवढे पैसे कशाला?” मी तिला गणित करून दाखवलं. साध्या हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम ९० मिलिग्रॅम. कॅप्सूलमध्ये ४७५. वर्ध्याच्या मावशीकडून येणारी वायगावची हळद धरली, जिच्यात ६ टक्क्यांच्या आसपास असतं, तरी रोज अडीच चमच्यांहून थोडी जास्तच खावी लागेल. भाजीतल्या हळदीची आणि या कॅप्सूलची जात एक असली तरी मात्रा पार वेगळी आहे. हे गणित मी तेव्हा कॅप्सूलच्या बाजूने मांडलं होतं. तेच आता सावधगिरीच्या बाजूने मांडते आहे.

कारण त्यानंतर वार्षिक तपासणीत एसजीपीटी ९४ आलं. आधीच्या सगळ्या रिपोर्टमध्ये ते तिशीच्या आत होतं. भूक मेलेली होती आणि थकवा होता, पण तो मी ऑफिसच्या कामावर ढकलत होते. मॅडमनी सगळ्या गोळ्या-बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या. डायनोजेस्ट त्यांनी बंद केली नाही. अर्कांची बाटली त्याच दिवशी बंद करायला सांगितली. प्रोबायोटिक चालू राहिलं. डायनोजेस्ट तीच, मात्रा तीच, आणि एसजीपीटी आधी ५२ वर आणि मग ३१ वर उतरलं. एका बाईच्या रिपोर्टवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण माझ्यापुरता निर्णय करायला ते पुरेसं आहे.

आता मिरीकडे येते. हळदीच्या जवळजवळ प्रत्येक महागड्या बाटलीवर ‘शोषण २०००% जास्त’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली झालेल्या अभ्यासाचा आहे. माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिलं, आणि रक्तात पोहोचणारं कर्क्युमिन वीसपटीने वाढलं. माझ्या बाटलीतही प्रमाण तेच, शंभराला एक. अभ्यास खरा आहे, आकडा खरा आहे. प्रश्न असा की पायपरीन हे करतं कसं?

पायपरीन यकृतातली आणि आतड्याच्या अस्तरातली ग्लुकुरॉनिक आम्ल जोडण्याची क्रिया मंदावतं. कर्क्युमिन बांधलं जाऊन बाहेर पडायच्या ऐवजी रक्तात टिकतं ते त्यामुळे. आणि वर जे इस्ट्रोजेनचं सांगितलं, त्याला बाहेर पाठवण्याआधी यकृत जी जोडणी करतं, तीही हीच क्रिया. ज्या कॉम्बोची एक बाटली म्हणते की जोडलेलं इस्ट्रोजेन आतड्यात मोकळं होऊ देऊ नका, त्याच कॉम्बोची दुसरी बाटली जोडणीचं कामच सावकाश करणारा पदार्थ रोज देते. हे ज्यांनी एकत्र विकायला ठेवलं त्यांनी स्वतःचं माहितीपत्रक तरी नीट वाचायला हवं होतं.

दुसरं, पायपरीन प्रयोगशाळेत सीवायपी३ए४ या विकरालाही अडवतं. डायनोजेस्ट शरीरात मोडते ती मुख्यतः याच विकराने, म्हणजे ते अडलं तर गोळी रक्तात जास्त साठू शकते. गोळीच्या खोक्यातला घडी घातलेला कागद उघडून बघा. केटोकोनॅझोल आणि एरिथ्रोमायसिन या औषधांची नावं त्यात याच कारणासाठी आहेत. मिरीच्या अर्काचं नाव त्यात नाही, आणि मिरीच्या बाटलीवर हार्मोनच्या गोळीचं नाव नाही. वरणातल्या चिमूटभर मिरपुडीबद्दल मी बोलत नाहीये. रोज, महिनोन्‌महिने, शुद्ध अर्काच्या रूपात घेतलेल्या मात्रेबद्दल बोलते आहे.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. कर्क्युमिन नीट शोषलं जात नाही, ही त्याची मोठी खोट म्हणून सांगतात. पण जे शोषलं जात नाही ते आतड्यातच राहतं, आणि तिथेच तर जिवाणू आहेत! आतड्यातले जिवाणू कर्क्युमिनचं रूपांतर करतात. ई. कोलाय या जिवाणूमधलं त्यासाठीचं विकर जपानी संशोधकांनी २०११ मध्ये शोधून काढलं. दावा जर जिवाणूंसाठी असेल, तर त्यांच्या तोंडचा घास काढून रक्तात ढकलायला मी जास्तीचे पैसे का मोजायचे?

यकृताची भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे (सप्लिमेंटमुळे) झालेले १० रुग्ण मांडले. त्यातल्या ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृत बिघडलेल्यांतही हाच प्रकार जास्त आढळतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरकांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) घेतल्यास यकृताची विकरं वाढताना दिसतात. इटलीत हिपॅटायटिसचे रुग्ण निघाल्यावर हळदीच्या पूरकांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. असे रुग्ण विरळ आहेत. पण हळद, ग्रीन टी आणि दोघांना रक्तात जास्त वेळ टिकवू शकणारी मिरी एकाच कॅप्सूलमध्ये भरताना वेष्टनावर ‘अधूनमधून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा’ एवढी एक ओळ टाकायला काय हरकत होती?

एवढं करून दुखण्यावर उपयोग किती? २०२४ मध्ये इराणमध्ये एंडोच्या बायकांवर कर्क्युमिनची चाचणी झाली, प्लासिबोपेक्षा फरक पडला नाही. रेझव्हेराट्रॉलची ब्राझीलमध्ये ४४ बायकांवर २०१७ साली झाली, तिथेही तेच. प्रजनन वैद्यकातल्या युरोपियन संस्थेच्या (ईएसएचआरई) २०२२ च्या मार्गदर्शिकेत दुखण्यासाठी अशा कुठल्याही एका बिनऔषधी उपायाची शिफारस केलेली नाही. माझ्या बाबतीतही शौचाच्या वेळची कळ या अर्कांनी हलली नाही. ती पुढे पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओथेरपीने बरीच उतरली.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नागोयाच्या २०२३ च्या फ्यूसोबॅक्टेरियमच्या अभ्यासाचा दाखला देऊन बरेच जण प्रोबायोटिक विकतात. त्यात एंडोच्या ६४ टक्के बायकांत तो जिवाणू सापडला होता, पण गर्भाशयाच्या अस्तरात. आतड्याच्या बाटलीशी त्याचा संबंध जोडलेला दिसला की सावध व्हा. आणि तो वाचून स्वतःच्या मनाने मेट्रोनिडॅझोल तर अजिबात घेऊ नका, तो परिणाम उंदरांत दिसला आहे.

सध्या मी स्ट्रेन नंबर छापलेलं, एफओएस नसलेलं एक साधं प्रोबायोटिक घेते. ते निम्म्याहून कमी किमतीत मिळतं आणि पोट श्रावणात होतं तसंच आहे. उरलेले पैसे फिजिओथेरपीला जातात. जेवणात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी परत रोजची केली आहे. जवसातल्या लिग्नान या घटकाचं एंटेरोलॅक्टोन नावाचं द्रव्य आतड्यातले जिवाणूच करतात, त्यामुळे वनस्पती आणि जिवाणू यांची जोडी घालायचीच तर ती मला या ताटात जास्त पटते. त्याने एंडो बरा होईल असं मी म्हणत नाही.

गुण द्यायचे तर प्रोबायोटिकच्या बाटलीला पाचपैकी अडीच, अर्कांच्या बाटलीला शून्य. ज्यांचं डायनोजेस्ट किंवा दुसरी हार्मोनची गोळी चालू आहे आणि सोबत मिरीचा अर्क असलेलं हळदीचं कॅप्सूल आहे, त्यांनी आज बाटली उलटी करून खालची ओळ वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. कुणी अशा कॅप्सूलच्या आधी आणि नंतर एलएफटी केली असेल, तर आकडे आणि बाटलीवरचे घटक इथे लिहा. माझे दिलेच आहेत.