आयआयटीत कोट्यातून नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला जोसाचा पासवर्ड देऊ नका

लातूर, नांदेड, संभाजीनगरला लेकरू जेईईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला ठेवलेल्या प्रत्येक आईबापानं हे पूर्ण वाचावं ही विनंती, लांब झालंय पण वाचा. आमचे पैसे गेले ते तर गेलेच, पण पैशाहून मोठी गोष्ट गेली ती म्हणजे भावाची मेरिटवर मिळालेली सीट, आणि ती कशी घालवली जाते हे कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितेय.

२०२४ ची गोष्ट आहे. आमचं गाव औसा तालुक्यात, शेती कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. धाकटा भाऊ अकरावी-बारावी लातूरला रूम करून शिकला, मेसचा डबा खाऊन रात्र रात्र अभ्यास केलेलं लेकरू आहे ते. मेन्सला पर्सेंटाईल चांगले आले, अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, तीपण क्वालिफाय झाला, अण्णांनी म्हणजे आमच्या वडिलांनी गावात पेढे वाटले, ग्रामपंचायतीनं सत्कार केला, सगळे म्हणायला लागले की पोरगं आयआयटीला लागलं. आता इथंच सगळी गोम आहे. त्या वर्षी अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर दिले १ लाख ८० हजार २०० पोरांनी, क्वालिफाय झाली ४८ हजार २४८, आणि २३ च्या २३ आयआयटी मिळून सीटा १७ हजार ७४०. म्हणजे तीस हजारांच्या वर घरं अशी की पेढे वाटून झालेत, पाहुण्यारावळ्यांत बातमी गेलीय आणि आयआयटीची सीट मात्र नाही. फसवणारे हीच घरं शोधतात.

भावाची रँक आयआयटीत काही लागंल अशी नव्हती. पण जोसामध्ये, म्हणजे आयआयटी-एनआयटीची जी एकत्र ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया असते तिच्यात, त्याला महाराष्ट्राच्या होम स्टेट कोट्यातून नागपूरच्या व्हीएनआयटीला, म्हणजे तिथल्या एनआयटीला, मेटलर्जी म्हणजे धातूंचं इंजिनिअरिंग मिळालं. चांगली सीट होती. सरकारी कॉलेज, राष्ट्रीय दर्जाची संस्था, स्वतःच्या राज्यात. त्यानं फी भरली, कागदं अपलोड केली, फ्लोट ठेवलं, म्हणजे वरचं काही मिळालं तर ते नाहीतर हे कायम.

मग फोन यायला लागले. समोरच्याला भावाचं नाव, रोल नंबर, रँक, कॅटेगरी सगळं पाठ. हे त्याला कुठून कळलं ते आजपर्यंत आम्हाला समजलेलं नाही, पण त्यामुळंच घरच्यांना वाटलं की हा आतला माणूस आहे. त्याचं लातूरला ऑफिस, काचेचा दरवाजा, भिंतीवर हार घातलेल्या पोरांचे फोटो, सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. अण्णांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणला, “काका, मेटलर्जी करून लेकरू भट्टीवर उभं करणार का? एवढी हुशार पोरं आम्ही वाया जाऊ देत नाही.” खरं सांगते, मेटलर्जीतून पुढं काय काय होतं हे त्या माणसाला काडीचं माहीत नसणार, पण अण्णांच्या मनात नेमकी तीच शंका होती.

त्याचं बोलणं निव्वळ खोटं नव्हतं हे लक्षात घ्या, खऱ्यात खोटं मिसळलेलं होतं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासनं खेळाडूंसाठी वेगळे प्रवेश सुरू केले, पेपरला बातमी आलेली, त्यानं कात्रण काढून दाखवलं. बातमी खरी आहे. पण त्या वर्षी ते प्रवेश मद्रासपुरते होते, एका कोर्सला दोनच जादा सीटा, अ‍ॅडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव पाहिजे आणि वर गेल्या चार वर्षांतलं राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं पदक पाहिजे. आमच्याकडं काय होतं, तर शाळेतल्या जिल्हा पातळीच्या खो-खोचं सर्टिफिकेट. तो म्हणला चालतंय, मद्रासनं जाहीर केलं, पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईला, तेच आतून चालू आहे, जाहीर केलेलं नाही म्हणून तर सीटा शिल्लक आहेत. मग डासाचं नाव घेतलं. डासा म्हणजे परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी एनआयटी वगैरेची योजना, तिच्यात आयआयटी नाहीतच. आणि शेवटी मॅनेजमेंट कोटा. हे अण्णांना लगेच पटलं कारण आपल्याकडं खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इन्स्टिट्यूट लेव्हलच्या २० टक्के सीटा असतात, भावकीतलं एक पोरगं तसंच लागलेलं, मग माणसाला वाटतं मोठ्या कॉलेजात मोठा रेट असंल. आयआयटीला बी.टेक.साठी मॅनेजमेंट कोटा नाही, खासदार कोटा नाही, मंत्रालयाचा कोटा नाही, डोनेशन नाही, कुठल्या एजंटाला त्यांनी नेमलेलं नाही. परदेशी पोराला घ्यायचं तरी अ‍ॅडव्हान्स्ड द्यायला लावतात. हे चार लोकांना मोठ्यानं सांगा.

साडेसहा लाख ठरले. दोन लाख आधी, बाकीचे ‘लेटर’ आल्यावर. जून-जुलै म्हणजे पेरणीचे दिवस, बियाणं, खत, फवारणी सगळा खर्च तोंडावर, तेव्हा आईच्या पाटल्या गहाण पडल्या, सोसायटीचं कर्ज उचललेलं होतं ते तिकडं वळवलं आणि राहिलेले मामांनी दिले. काही यूपीआयनं, काही बँकेतून, आणि सगळे कुणातरी बाईच्या बचत खात्यात. भावानं विचारलं की सर हे इन्स्टिट्यूटचं खातं नाही का, तर म्हणला, “ऑडिटमध्ये दिसू नये म्हणून असं करावं लागतं, पुढं तूच म्हणशील सरांनी बरोबर केलं.”

आणि आता मुख्य गोष्ट. दोन लाख गेल्यावर तो म्हणला, तुमची नागपूरची सीट सिस्टीममध्ये दिसते, एका पोराच्या नावावर दोन सीटा राहत नाहीत, ती सोडल्याशिवाय पवईचं नाव वर येत नाही. जोसाचा लॉगिन आणि पासवर्ड द्या, आम्ही करतो. भावाचा हात आडला, त्यानं अण्णांना बोलून दाखवलं की नागपूर राहू द्या. तर त्या माणसानं आवाज चढवला, मागं वीस पोरं लाईनीत आहेत, संध्याकाळपर्यंत सांगा नाहीतर पैसे परत घेऊन जा. हे ‘पैसे परत घेऊन जा’ ऐकलं की आपला माणूस विश्वास ठेवतो. ओटीपी भावाच्या मोबाईलवर आला, त्यांनी फोनवर मागून घेतला, आणि नागपूरची सीट विथड्रॉ झाली. जोसात विथड्रॉची सोय शेवटच्या राऊंडच्या आधीपर्यंत असते, त्या वर्षी पाच राऊंड होते, आणि एकदा विथड्रॉ केलं की जोसातून तुम्ही बाहेर, ती सीट पुढच्या राऊंडला दुसऱ्याला जाते. कुणाच्या पाया पडलात तरी परत येत नाही.

हे त्यांनी का केलं असंल यावर मी फार विचार केलाय. त्यांना नागपूरच्या सीटचा काही फायदा नव्हता. पण हातातली सीट गेली की घरच्यांना मागं फिरायला जागा राहत नाही, मग उरलेले साडेचार लाख कुठूनही आणून देतातच. आमच्याकडून तसेच गेले. एका अठरा वर्षाच्या पोराचं दोन वर्षांचं जागरण ह्या माणसांनी फक्त बाकीचे पैसे लवकर यावेत म्हणून जाळलं, ह्याचा राग माझा आजपण जात नाही.

लेटर आलं व्हॉट्सअ‍ॅपवर. लोगो, सही, शिक्का, क्यूआर कोड, ‘स्पेशल स्पोर्ट्स अँड इन्स्टिट्यूशनल कोटा’. मी तेव्हा नांदेडला होते, भावानं मला पाठवलं, मी क्यूआर स्कॅन केला तर एक साधं पान उघडलं, त्यावर भावाचा फोटो आणि ‘व्हेरिफाईड’. पत्ता बघितला तर शेवटी डॉट कॉम. पवईच्या संस्थेचा कुठलाही पत्ता, ईमेलसकट, आयआयटीबी डॉट एसी डॉट इन असा संपतो. आणि खरं अलॉटमेंट लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही, ते पोराच्या स्वतःच्या लॉगिनमधून डाऊनलोड होतं. मी म्हणलं अण्णा काहीतरी गडबड आहे, पण सरांचा फोन चालू होता, ते म्हणत होते रिपोर्टिंगच्या तारखेला जावा, म्हणून अण्णा आणि भाऊ पेटी-गादी घेऊन लातूर एक्सप्रेसनं मुंबईला गेले. गेटवरच्या सिक्युरिटीनं लेटर बघितलं, आत ऑफिसला फोन लावला, आणि अण्णांना बाजूला सावलीत बसवून सांगितलं की बाबा हे आमचं नाही. चांगला माणूस होता, पाणी दिलं, आधी पोलिसांत जा म्हणला. सरांचा फोन त्याच दुपारी बंद.

परत आल्यावर लातूरला तक्रार दिली. १९३० वर पण फोन केला, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पैसे पाठवल्या-पाठवल्या लावला तर पुढच्या खात्यात जायच्या आत रक्कम थांबवता येते. आमचे जुने पैसे कधीच पुढं गेले होते, शेवटच्या हप्त्यातले थोडे तेवढे एका खात्यात गोठवले. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, कॉलचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे नंबर भावानं एक पण डिलीट केलं नव्हतं, त्यामुळं गुन्हा नोंदवताना अडलं नाही. तुमच्याकडं असं काही चालू असंल तर आधी जोसाचा पासवर्ड बदला, सीट अजून हातात आहे का ते स्वतः लॉगिन करून बघा, पोलीस आणि नातेवाईक त्याच्या नंतर.

भावानं एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, दिलेली होती आणि राज्याचे कॅप म्हणजे प्रवेशाचे राऊंड चालू होते म्हणून त्याला संभाजीनगरच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगला मिळालं, तिथं तो मन लावून शिकतोय. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. ऑफिसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, पण तोच आवाज दुसऱ्या नंबरवरून धाराशिव आणि बीडकडच्या पालकांना फोन करतोय असं आमच्या तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्या ‘स्पेशल स्पोर्ट्स’ लेटरची कॉपी ज्यांच्याकडं असंल त्यांनी लाज वाटून घेऊ नका, जवळच्या ठाण्यात द्या आणि लातूरच्या गुन्ह्याला जोडून घ्या म्हणून लेखी मागा, तक्रारी वाढल्या तर जामिनाच्या वेळी फरक पडतो असं आमच्या वकिलांनी सांगितलंय.