हजाराचं हेल्मेट आणि चौदा हजारांचं हेल्मेट

माझ्याकडे सायकलची दोन हेल्मेटं आहेत. एक डेकॅथलॉनमधलं, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडचं. घेतलं तेव्हा हजाराच्या आसपास पडलं होतं. दुसरं धाकट्या भावाने दिलेलं, परदेशी कंपनीचं, आत मिप्सचं, म्हणजे तिरक्या आघातासाठीचं, पिवळं सरकतं अस्तर असलेलं. त्याची किंमत चौदा हजारांच्या घरात. मी साताऱ्याला हायस्कूलवर विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जाते. दोन्ही हेल्मेटं आलटून पालटून डोक्यावर असतात, त्यामुळे दोघांबद्दल मनापासून सांगता येईल.

हे लिहायचं कारण शाळेतले पालक. सायकलवर येणारी मुलं आमच्याकडे बरीच आहेत. हेल्मेटचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "मॅडम, चांगलं घ्यायचं तर पाच-सात हजार लागतात म्हणे, आणि स्वस्तातलं घेऊन काय उपयोग?" मग पाच-सात हजारांचं घेणं होत नाही, स्वस्तातलं घ्यायचं नसतं, आणि पोर उघड्या डोक्याने शाळेत येतं. या समजुतीचा मला खरोखर राग येतो, कारण ती चुकीची आहे.

डेकॅथलॉनच्या हेल्मेटमध्ये आतल्या बाजूला एक छोटं स्टिकर आहे. त्यावर ईएन १०७८ असं छापलंय, शेजारी साइज, वजन आणि कधी बनवलं तो महिना-वर्ष. भावाच्या महागड्या हेल्मेटमध्येही हेच स्टिकर आहे, क्रमांकही तोच. ईएन १०७८ हे युरोपचं मानक. त्यात हेल्मेटच्या आत धातूचं डोकं बसवतात आणि सपाट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. नववीच्या पोरांना मी हे गणित फळ्यावर करायला देते: साधारण दीड मीटरवरून सोडलेली वस्तू जमिनीला टेकताना एवढाच वेग घेते, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. मग फुटपाथच्या कडेसारख्या धारेवर ४.५७ मीटर वेगाने. आतल्या डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या पुढे गेला तर हेल्मेट नापास. आपटण्याआधी काही नमुने उणे वीस अंशांत ठेवतात, काही पन्नास अंशांत. अमेरिकेत सीपीएससी या सरकारी ग्राहकसुरक्षा आयोगाचा नियम १९९९ पासून सक्तीचा आहे. तिथे सपाट ऐरणीवर दोन मीटरवरून आपटतात आणि मर्यादा ३०० पटींची आहे.

सायकल ताशी तीसने चालली होती म्हणून डोकं तीसने जमिनीवर आदळतं असं नाही. रस्त्यावर पडताना डोकं खाली येतं ते आपल्या उंचीवरून, आणि जमिनीवर आदळतानाचा वेग असतो तो या पडण्याचा. मानकं त्याच हिशेबाने बांधलेली आहेत. ट्रकने उडवलं तर काय, हा प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, मग हेल्मेट हजाराचं असो की चौदा हजारांचं.

काम करतो तो आतला थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त दाट दाबलेला. डोकं आदळलं की त्यातले मणी चिरडतात आणि चिरडताना जो वेळ जातो तेवढ्यात डोकं थांबतं. तो वेळ म्हणजे सेकंदाचे काही हजारांश, पण मेंदूच्या दृष्टीने सगळं त्यातच आहे. हा थर्माकोल दोन्ही हेल्मेटांत आहे. अमेरिकेतल्या बायसिकल हेल्मेट सेफ्टी इन्स्टिट्यूटने वीस डॉलरच्या आतली तीन आणि दीडशे डॉलरच्या वरची तीन हेल्मेटं प्रयोगशाळेत पाठवून हेच तपासलं होतं. आघाताचे आकडे जवळजवळ सारखे आले.

मग चौदा हजारांत मिळतं काय? पहिलं म्हणजे वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डेकॅथलॉनचं ३२० ग्रॅम भरलं, भावाचं २४५. घाट चढून कासच्या पठारापर्यंत जाऊन आलं की मानेला हा फरक कळतो, शाळेच्या दोन किलोमीटरला अजिबात कळत नाही. दुसरं म्हणजे वारा. महागड्याची भोकं मोठी, आतून समोरून मागे खोल चर गेलेले, त्यामुळे एप्रिलमध्ये चढावर डोकं थंड राहतं. स्वस्तात कपाळाचा घाम थेट डोळ्यात उतरतो. आत पातळ सुती रुमाल बांधला की भागतं, मी तेच करते. तिसरं म्हणजे फिनिश: महागड्याचं कवच थर्माकोलसकट एकाच साच्यात बनलेलं, खालची कडसुद्धा झाकलेली. स्वस्तात खालच्या कडेला पांढरा थर्माकोल उघडा दिसतो आणि दप्तराच्या घर्षणाने त्याचे टवके निघतात. आतलं कपाळपट्टीचं पॅड दुसऱ्या पावसाळ्यात सुटलं, शिंप्याकडून नवं वेल्क्रो लावून घेतलं, ते अजून टिकलंय.

आता भोकांची दुसरी बाजू. भोकं मोठी करायची तर उरलेला थर्माकोल जास्त दाट, म्हणजे जास्त कडक करावा लागतो, नाहीतर परीक्षेत हेल्मेट टिकायचं नाही. म्हणजे जास्त पैसे मोजून मिळणारी हवा ही सुरक्षेत भर घालत नाही. जाडजूड, कमी भोकांचं साधं हेल्मेट या बाबतीत कुठे कमी पडत नाही.

मिप्सबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पडताना डोकं बहुतेक वेळा सरळ नाही, तिरकं आदळतं, आणि त्याने मेंदूला पीळ बसतो. वर सांगितलेल्या मानकांत ही तिरकी चाचणीच नाही. स्वीडनमध्ये न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि केटीएच या तंत्रविद्यापीठातले पीटर हाल्डिन यांनी त्यावर काम केलं आणि त्यातून हे काही मिलिमीटर सरकणारं अस्तर आलं. मी बोटाने ढकलून पाहते तेव्हा ते सगळ्या दिशांना हलकंसं सरकतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१८ मध्ये तिरक्या आघातावर ३० हेल्मेटं तपासून तारे दिले. पाच तारे चौघांनाच मिळाले, चारही मिप्सवाली. पण त्या चारांत एक फक्त ७५ डॉलरचं होतं. तेव्हा मिप्स परवडत असेल तर जरूर घ्या, मी घेतलंच असतं, पण तेही मधल्या किमतीत मिळतं. सगळ्यात महागडं मॉडेल घ्यायची गरज नाही.

भाऊ पुण्याला असतो, बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करतो. त्याच्या डोक्यावर पूर्वी माझ्यासारखंच डेकॅथलॉनचं होतं. एका उतारावर वळणावरच्या खडीवरून त्याचं पुढचं चाक घसरलं. हासळीचं हाड मोडलं, कोपर सोललं, डोक्याला टेंगूळसुद्धा आलं नाही. ते हेल्मेट मी मागून आणलं आणि दरवर्षी वर्गात दाखवते. बाहेरून कवचावर नुसते ओरखडे. उलटं केलं की उजव्या कानाच्या वर तीन बोटं लांबीची भेग, आणि भेगेच्या आजूबाजूला थर्माकोलचे मणी चपटे होऊन चकाकतात, बाकी ठिकाणी ते गोल आणि मॅट आहेत. मुलं तिथे अंगठा फिरवून बघतात. चपटा झालेला मणी परत फुगत नाही, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद. एका अपघाताने काही सिद्ध होत नाही हे मी त्यांना सांगते, पण थर्माकोल आपलं काम कसं करतो ते याहून चांगलं दाखवता येत नाही.

स्वस्त म्हणजे कोणतंही नव्हे, हे मात्र ठासून सांगायचंय. गावातल्या एका सायकल दुकानात मला साडेतीनशेचं हेल्मेट दाखवलं. रंग झकास. आत बघितलं तर ईएन नाही, सीपीएससी नाही, तारीख नाही. थर्माकोलच्या जागी बोटाने दाबला की तळाला जाणारा स्पंज. पट्टा लावून जरा ओढला तर बकल आपोआप उघडलं. बाहेर आयएसआयचं स्टिकर होतं आणि त्याखाली आयएस ४१५१. "मॅडम, आयएसआय आहे की!" दुकानदार म्हणाले. तो क्रमांक मोटारसायकलच्या हेल्मेटचा आहे, सायकलच्या हेल्मेटवर त्याला अर्थ नाही. असलं हेल्मेट फुकट मिळालं तरी पोराच्या डोक्यावर घालू नका, कारण त्याने नुसता भरवसा येतो आणि संरक्षण काहीच नाही.

आणि बसवण्याबद्दल. चौदा हजारांचं हेल्मेट मागे सरकवून कपाळ उघडं टाकलेली माणसं मी रविवारी सकाळी घाटात बघते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवं. कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा व्ही. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच सैल. मागचा डायल आवळून, पट्टा न लावता डोकं खाली वाकवलं तरी पडता कामा नये. लांब केसांच्या बायकांनी आणि मुलींनी वेणी मानेलगत खाली घालावी. वर बांधलेला बुचडा डायलवर येतो आणि हेल्मेट पुढे कलतं. या एका बाबतीत भावाने दिलेलं महागडं हेल्मेट सरस आहे, त्याचा डायल वर-खाली सरकवता येतो. डेकॅथलॉनच्या माझ्या मॉडेलला ती सोय नाही.

कोणत्याही पालकाला मी हेच सांगते: शिवणाची टेप घेऊन भुवयांच्या वर पोराचं डोकं मोजा, पोराला दुकानात सोबत न्या, दोन साइज घालून बघा, आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी वाचा, आणि हजार-बाराशेचं घेऊन या. उरलेल्या पैशांत मागचा लाल दिवा घ्या. डिसेंबरात शाळा सुटून क्लास आटपेपर्यंत अंधार पडलेला असतो.