‘चरबीची गाठ आहे, विरघळेल’

आमच्या शेरू कुत्र्याच्या मागच्या मांडीवर सुपारीएवढी गाठ आली तेव्हा तो ९ वर्षांचा होता. बागेत भेटणाऱ्या एका काकांनी प्राण्यांच्या एका ‘डॉक्टरां’चा नंबर दिला. घरी येतात, स्वस्तात करतात म्हणे. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात चामड्याची बॅग. गाठ दोन बोटांत धरून चांगली दाबली आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे, विरघळेल." एक इंजेक्शन, एक तेलाची बाटली, १५०० रुपये. कसलं इंजेक्शन विचारलं तर "ताकदीचं". पावती नाही. बाटलीवर पेनाने नुसतं ‘गाठीवर’ लिहिलेलं.

आठवड्यात गाठ हरभऱ्याएवढी झाली. मी इतका खूश, की सोसायटीतल्या आणखी दोघांना नंबर देऊन बसलो. शेरू मात्र रात्रीत तीन-तीनदा पाण्याचं भांडं रिकामं करायचा आणि कधी नव्हे ते दारातच शू करायला लागला. विचारलं तर "औषध लागू पडतंय". असे तीन फेरे झाले, ४५०० गेले. मग गाठ उलटली, लिंबाएवढी होऊन फुटली, चिघळली. तेलाला कापराचा उग्र वास यायचा आणि शेरू ते चाटत बसायचा. कापूर कुत्र्याला विषारी असतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक! फोन केला तर बंद.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "स्टिरॉइड टोचलंय का कोणी?" बारीक सुईने पेशी काढून काचेवर पसरल्या, तपासल्या. मास्ट सेल ट्यूमर निघाला, म्हणजे कॅन्सरच. स्टिरॉइडने ही गाठ काही दिवस आक्रसते, जात नाही. दाबली की तिच्यातून हिस्टामीन नावाचं रसायन सुटतं आणि भोवती सूज चढते. हाताला ती चरबीच्या गाठीसारखीच लागू शकते, त्यामुळे नुसतं चाचपून छातीठोक सांगणाऱ्यावर विसंबू नका, सुईची तपासणी करा म्हणावं.

प्राण्यांवर इलाज करणाऱ्याची पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते, १९८४चा कायदाच आहे. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. नोंदणी क्रमांक विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी बॅग बघून गप्प बसलो.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीचं बरंच चांगलं मांसही काढावं लागलं. टाके निघाले, शेरू अजून जरा लंगडतो. नंबर दिलेल्या दोघांच्या दारात जाऊन मी सगळं सांगून आलो. एकाच्या लॅब्रॅडॉरला तोवर दोन इंजेक्शनं झाली होती.