आयआरएफ ३२०५ स्वस्तात मिळतोय? थांबा जरा

कारचा अँप्लिफायर बॅटरीला जोडला की फ्यूज उडतो, याचा अर्थ बहुतेक वेळा पॉवर सप्लायमधले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे तीन पायांचे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले असतात. बॅटरीच्या १२ व्होल्टचे प्लस-मायनस तीसेक व्होल्ट करणारे हेच. माझ्या अँपमध्येही तेच निघालं. ड्रेन आणि सोर्स या दोन पायांवर (तिसरा पाय गेट) मीटर लावला की बीप. काम घरी होण्यासारखं होतं, म्हणून आयआरएफ ३२०५ या मॉसफेटचे दहा नग ऑनलाइन मागवले, नगाला अठरा रुपये. फोटोत कंपनीचा लोगो, खाली 'ओरिजिनल'.

आलेला माल मीटरवर निर्दोष. बसवले, करंट आवरायला फ्यूजच्या जागी हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावून अँप चालू केला, बल्ब क्षणभर चमकून मंद झाला. सगळं ठीक! मग बल्ब काढून फ्यूज बसवला. हळू आवाजात गाणी छान वाजली. बास वाढवला आणि फट्‌! जाताना मॉसफेटांनी गेटचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टरही नेले, बोर्डाचा एक ट्रॅक करपला.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "सर, माल ओरिजिनलच आहे, तुमच्या सर्किटमध्ये फॉल्ट असेल. सोल्डर केलेला पार्ट परत घेत नाही." या फसवणुकीची खरी मेख इथे आहे. पार्ट बसवल्याशिवाय खोटेपणा सहसा कळत नाही आणि बसवला की तो 'वापरलेला' होतो. वर घरी दुरुस्ती करणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.

उरलेल्या नगांपैकी एकावर कापसाने थिनर घासला, तर अक्षरांसकट वरचा काळा थर कापसावर आला. खालचं प्लास्टिक करड्या रंगाचं, आधीचं काहीतरी घासून काढलेलं. मग जळालेला एक व्हाइसमध्ये धरून फोडला, शेजारी अँपमधला मूळचा मेलेला फोडून ठेवला. मुळातली सिलिकॉनची चिप ऐसपैस, नव्यातली तिळाएवढी.

न फोडता तपासायचं तर असं करा. हेडलाइटच्या त्याच बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं ड्रेनला. सोर्स मायनसला. गेट एक किलोओमच्या रेझिस्टरमधून प्लसला. साडेचार अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून अगदी पायांच्या मुळाशी ड्रेन-सोर्स मोजा. डेटाशीटप्रमाणे (कंपनीचं तांत्रिक पत्रक) या पार्टचा रोध जास्तीत जास्त ८ मिलिओम, म्हणजे साडेचार गुणिले आठ, ३६ मिलिव्होल्टच्या वर जायला नको. माझ्याकडचे सव्वाशेच्या पुढे होते. रोध चौपट झाला की त्याच करंटला उष्णताही चौपट, मग बास वाढवल्यावर दुसरं काय होणार? ही चाचणी सोल्डरिंगच्या आधी करा आणि पार्सल फोडण्यापासून व्हिडिओ काढा. पाय कोरे असतील तर 'वापरलेला' म्हणायची सोय राहत नाही. आउटपुटला लागणारी २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडीही अशीच सर्रास नकली मिळते, पण ते बायपोलर, म्हणजे वेगळ्या जातीचे ट्रान्झिस्टर, त्यांना वरची चाचणी लागू नाही. ते अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत.

मी कापसाचे, फोडलेल्या चिपांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली, पुढे सामसूम. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तो क्रमांक त्यांना कळवला, तेव्हा कुठे दहा नगांचे एकशे ऐंशी रुपये परत आले. जळालेल्या ड्रायव्हरचे आणि ट्रॅकचे कोण देणार!

अधिकृत वितरकाकडचे कितीतरी महाग पडले, पण बल्बच्या चाचणीत छत्तीसच्या आत बसले आणि अँप वाजतोय. त्या विक्रेत्याचं पान अजून चालू आहे. किंमत आता बावीस रुपये, आणि 'ओरिजिनल'च्या आधी '१००%' लागलंय.