‘द व्हील ऑफ टाइम’च्या फॅन थिअऱ्या: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

‘द व्हील ऑफ टाइम’ ही रॉबर्ट जॉर्डन यांची १४ खंडांची फँटसी कादंबरीमालिका मी पहिल्यांदा वाचली ती कोणाच्याही मदतीशिवाय. गेल्या जूनमध्ये दुसरे वाचन सुरू केले तेव्हा मात्र चाहत्यांनी वर्षानुवर्षे मांडलेल्या थिअऱ्या, म्हणजे कथेने न सांगितलेल्या गोष्टींविषयीचे तर्क, ठरवून सोबत घेतल्या. पद्धत साधी होती. दोनशे पानी वहीच्या डाव्या पानावर थिअरी लिहायची आणि उजव्या पानावर तिला आधार देणारा किंवा छेद देणारा मजकूर सापडेल तसा नोंदवत जायचे. मार्चअखेर चौदावा खंड संपला, तोवर वहीही जवळजवळ भरली होती. या नऊ महिन्यांत थिअऱ्यांचा उपयोग कुठे झाला आणि कुठे त्यांनी माझी दिशाभूल केली, ते सविस्तर लिहिते आहे. मालिकेचा शेवट पुढे उघड केलेला आहे, त्यामुळे ज्यांचे पहिले वाचन अजून व्हायचे आहे त्यांनी इथेच थांबावे, अशी कळकळीची विनंती.

पहिला खंड १९९० साली आला आणि शेवटचा २०१३ साली. मध्येच, सप्टेंबर २००७ मध्ये, जॉर्डन यांचे निधन झाले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांच्या व लिहिलेल्या भागांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड पूर्ण केले. जॉर्डन यांनी पदवी भौतिकशास्त्राची घेतली होती आणि काही काळ अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केले होते. हे मुद्दाम सांगते, कारण त्यांच्या जादूला शास्त्रासारखी शिस्त आहे. जादू ज्या शक्तीतून होते तिचे पाच धागे आहेत. तिचा पुरुषांचा अर्धा भाग वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा. शक्ती एकत्र जोडून वापरणाऱ्या नुसत्या स्त्रियांचे वर्तुळ १३ जणींच्या पुढे जात नाही, पुरुष सामील झाले तर ते ७२ पर्यंत वाढते. नियम इतके पक्के असल्यामुळे जादूविषयीची थिअरी तपासून पाहता येते. पात्रांच्या भवितव्याविषयीची थिअरी मात्र जादूच्या एखाद्या नियमाला बांधलेली असेल तरच टिकते. ‘कथेला हे शोभून दिसेल’ एवढ्याच बळावर उभी असेल तर ती बहुधा कोसळते, हा माझ्या वहीचा मुख्य निष्कर्ष आहे. त्याला एक मोठा अपवाद निघाला आणि तो मला अजूनही सलतो.

सुरुवात कोठीघराच्या दारापासून करते. पाचव्या खंडाच्या, म्हणजे १९९३ साली आलेल्या ‘द फायर्स ऑफ हेवन’च्या, शेवटी अस्मोडियन हा फोरसेकनांपैकी एक, म्हणजे अंधाराला स्वतःला विकलेल्या प्राचीन जादूगारांपैकी एक, राजवाड्यात वाइन शोधत कोठीघराचे छोटे दार उघडतो. समोर कोणीतरी उभे असते. त्याचा चेहरा पांढराफटक पडतो, तोंडून ओळखीचा आणि नकाराचा एक उद्गार निघतो आणि तो मरतो. मारणारा कोण, हे लेखक सांगत नाही. जॉर्डन यांना हा प्रश्न पुढची अनेक वर्षे विचारला गेला आणि उत्तर वाचकाला सहज उमगण्यासारखे आहे, असे ते म्हणत राहिले. उत्तर छापून आले ते २०१० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, तेराव्या खंडाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत: ग्रेंडाल, फोरसेकनांपैकीच एक स्त्री.

या एका प्रसंगाने माझ्या वहीची कितीतरी पाने घेतली. संशयितांची यादी लांबलचक होती आणि प्रत्येकाच्या बाजूने बारकाईने युक्तिवाद झाले होते. अस्मोडियनने मारेकऱ्याला पाहताक्षणी ओळखले, तेव्हा तो त्याच्या जुन्या ओळखीचा हवा. राजवाड्यात त्या क्षणी पोहोचू शकेल असा हवा. आणि त्याच्याकडे कारण हवे. ग्रेंडाल या तिन्ही कसोट्यांना उतरते, कारण त्याच राजवाड्यात नुकत्याच मारल्या गेलेल्या राहविन या फोरसेकनाबरोबर कारस्थानात सामील असलेल्यांपैकी ती एक होती. मग इतक्या जणांनी तिला बाजूला का सारले? माझ्या समजुतीप्रमाणे, एवढ्या मोठ्या रहस्याचे उत्तरही तेवढेच नाट्यमय असले पाहिजे, असे वाचकांनी मनोमन धरले होते. पुराव्याशी या अपेक्षेचा काहीही संबंध नव्हता. मी स्वतः पहिल्या वाचनात लॅन्फियर या दुसऱ्या फोरसेकन स्त्रीवर ठाम होते आणि माझ्याकडे त्याला कारण एवढेच होते की ते वाचायला मला आवडले असते.

याच प्रसंगात एक जादूचा प्रश्न दडलेला आहे आणि तो माझ्या दृष्टीने खुनापेक्षाही महत्त्वाचा आहे. कोठीघराच्या दाराशी पोहोचण्याच्या थोडाच वेळ आधी अस्मोडियन एकदा मेलेलाच होता. राहविनने पाडलेल्या विजेने तो आणि नायक रँडचे साथीदार मॅट व अविएन्धा असे तिघेही ठार झाले होते. त्यानंतर रँडने राहविनला बेलफायर या जादूच्या आगीने मारले. बेलफायर माणसाला नुसते मारत नाही. विश्वाच्या पटातून त्याचा धागा मागच्या काळापर्यंत जाळत नेते, त्यामुळे त्याने नुकतीच केलेली कृत्येही उसवली जातात. राहविनची वीज पडलीच नाही असे झाले आणि तिघे जिवंत झाले. आता प्रश्न असा की उसवून टाकलेला मृत्यू हा मृत्यू म्हणून धरायचा की नाही?

हा प्रश्न केवळ शब्दांचा कीस पाडण्यासाठी नाही. दुसऱ्या खंडात मॅटने मेलेल्या वीरांना लढायला बोलावणारे व्हॅलीरचे शिंग फुंकले होते आणि ते फुंकणाऱ्याचे त्याच्याशी नाते जुळते ते मरेपर्यंत. मॅट मेला असे धरले तर ते नाते तुटले आणि शेवटच्या युद्धात शिंग दुसऱ्या कोणालाही फुंकता येईल; मेला नाही असे धरले तर येणार नाही. त्यात आणखी गुंता असा की चौथ्या खंडात मॅटला झाडाला फासावर टांगलेले असताना रँडने वाचवले होते, त्यामुळे काही चाहते त्या फाशीलाच खरा मृत्यू मानत. माझ्या वहीत दोन्ही बाजू समोरासमोर लिहिलेल्या आहेत. शेवटच्या खंडात लहानगा ऑल्व्हर जीव मुठीत धरून शिंग फुंकतो आणि वीर खरोखर येतात, तेव्हा त्या वीरांतला प्राचीन सम्राट आर्थर हॉकविंग मॅटला सांगतो की नाते तुटले ते त्याला आठवत नसलेल्या मृत्यूने, झाडावरच्या फाशीने नव्हे. म्हणजे उसवलेला मृत्यूही मोजला गेला. ते पान वाचताना मला झालेला आनंद शुद्ध होता. वीस वर्षे आधी घालून दिलेला नियम लेखकाने, आणि त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या लेखकानेही, अखेरपर्यंत पाळला होता.

इथे एक गोष्ट जाता जाता. युगे फिरून फिरून येतात आणि आत्मा पुन्हा जन्म घेतो, या मालिकेच्या पायाभूत कल्पना मराठी वाचकाला कोणी समजावून द्याव्या लागत नाहीत. त्यामुळे बेलफायरने जळालेल्या आत्म्याला पुनर्जन्म मिळतो का, ही शंका मला फार उशिरा सुचली. मिळणार हे मी गृहीतच धरले होते. जॉर्डन यांचे उत्तरही तेच होते.

मोइरेन या रँडला वाट दाखवणाऱ्या जादूगार स्त्रीच्या भवितव्याची थिअरी ही मी वापरलेल्या सर्व थिअऱ्यांमध्ये सर्वात उत्तम. पाचव्या खंडात ती लॅन्फियरसह लाल दगडाच्या वाकड्या चौकटीतून पलीकडच्या दुसऱ्या जगात कोसळते आणि चौकट वितळून जाते. सगळे तिला मेलेली समजतात. चाहत्यांनी मात्र मागच्या खंडांकडे बोट दाखवले. चौथ्या खंडात बर्जिट ही जुन्या कथांतली वीरांगना रँडचा मित्र पेरिनला त्याच पलीकडच्या जगात नेणाऱ्या घेनजीच्या मनोऱ्याविषयी बजावते आणि ‘साप आणि कोल्हे’ हा मुलांचा खेळ त्या पलीकडच्या लोकांशी झालेल्या जुन्या व्यवहारांची आठवण आहे, असे सांगते. फासे टाकायचे, आपली सोंगटी पटाच्या कडेपर्यंत नेऊन मध्यभागी परत आणायची आणि साप व कोल्हे पाठीमागे लागतात. नियम पाळून हा खेळ जिंकताच येत नाही. खेळापूर्वी म्हणायच्या ओळींत धैर्य, आग, संगीत आणि लोखंड यांचा उल्लेख येतो. ऑल्व्हर हा खेळ आपल्या वडिलांनी रंगवून दिलेल्या लाल कापडावर खेळतो. पहिल्या वाचनात मी ते कापड केवळ एका अनाथ मुलाची आठवण म्हणून वाचले होते. वहीसह वाचताना कळले की ते कापड म्हणजे सुटकेचा नकाशा आहे आणि तो शेकडो पाने माझ्या डोळ्यांसमोर पसरलेला होता.

थिअरी मांडणाऱ्यांनी धागे एकत्र विणले ते असे: चौकट वितळली तरी मनोऱ्याची वाट शिल्लक आहे, संगीत गवई थॉमकडे आहे, जगाला वाचवण्यासाठी जगाचा अर्धा प्रकाश देऊन टाकशील, हे भाकीत मॅटला मिळाले आहे आणि अर्धा प्रकाश म्हणजे एक डोळा, शिवाय मेलेल्या एका स्त्रीशिवाय रँड जवळजवळ निश्चितपणे अपयशी ठरेल, असे लोकांच्या भविष्याची दर्शने होणाऱ्या मिनला दिसले होते आणि आपले तेवढे एकच दर्शन चुकले असे ती मानत होती. मिनचे दर्शन चुकत नाही, हा नियम आहे. मग चुकली ती ‘मेलेली’ ही समजूत. २००५ साली आलेल्या अकराव्या खंडात मोइरेनचे थॉमला लिहिलेले पत्र मॅटच्या हाती आले, २०१० साली सुटका झाली, मॅटचा डोळा गेला आणि सतरा वर्षे धीर धरलेल्या वाचकांची थिअरी जवळजवळ शब्दशः खरी ठरली. सोबत गेलेला म्हातारा नोअल हाच पूर्वीचा प्रसिद्ध प्रवासी जेन फारस्ट्रायडर, हा तर्कही त्याच मनोऱ्यात खरा ठरला आणि त्याची किंमत त्याच्या प्राणांनी चुकती झाली.

आता तो सलणारा अपवाद. रँडच्या पुरुष जादूगारांचा प्रमुख मझरिम टाइम म्हणजेच वेष बदललेला फोरसेकन डेमॅन्ड्रेड, ही थिअरी सहाव्या खंडापासून जोर धरून होती. एकदा टाइम ‘तथाकथित आयेल’ असे शब्द वापरतो. आजच्या आयेल योद्ध्यांना ‘तथाकथित’ कोण म्हणेल? ज्याने प्राचीन काळचे, शस्त्र न उचलण्याची शपथ घेतलेले आयेल पाहिले आहेत तोच. शिवाय तो खंड डेमॅन्ड्रेडपासून सुरू होतो आणि टाइमच्या माणसांनी डुमाईच्या विहिरींपाशी केलेल्या भीषण संहारानंतर, आपण नीट काम केले ना, असे डेमॅन्ड्रेड आपल्या धन्याला विचारतो तिथे संपतो. एवढा सबळ आधार माझ्या वहीत क्वचितच दुसऱ्या थिअरीला मिळाला. जॉर्डन यांनी मात्र ती स्पष्ट शब्दांत नाकारली आणि शेवटच्या खंडात डेमॅन्ड्रेड दूरच्या शारा देशातून प्रचंड सैन्य घेऊन अवतरला. टाइम अंधाराचाच निघाला, पण डेमॅन्ड्रेड नव्हे. वहीचे ते पान मी खोडलेले नाही. माझे प्रामाणिक मत असे आहे की नाकारलेली ही थिअरी छापलेल्या कथेपेक्षा अधिक घट्ट विणीची होती, कारण शारामध्ये डेमॅन्ड्रेड काय करत होता हे वाचकाला मालिकेत जवळजवळ दिसतच नाही.

वापरातला खरा धोका मला एग्वेन या जादूगार स्त्रियांच्या तरुण प्रमुखाच्या बाबतीत जाणवला. ती शेवटच्या युद्धात टाइमचा अंत करताना स्वतःही संपते आणि मरताना बेलफायरच्या नेमका उलटा असा विणकाम सांधणारा प्रयोग शोधून काढते. पहिल्या वाचनात मी त्या पानावर रडले होते. दुसऱ्या वेळी, वहीतल्या भाकितांच्या रकान्यात बोट ठेवून वाचत असताना, मी ते पान एखादा हिशेब जुळवावा तसे वाचून गेले आणि पुढच्या प्रकरणावर पोहोचल्यावर मला ते उमगले. मागे येऊन, वही मिटवून, ते प्रकरण पुन्हा वाचावे लागले. त्यानंतर शेवटच्या खंडाच्या युद्धप्रकरणांना मी वही लावलीच नाही.

रँडच्या शेवटाविषयी थोडक्यात. जगायचे असेल तर मरावे लागेल, हे उत्तर त्याला फार आधी मिळाले होते. सातव्या खंडात शादर लोगोथ या ओसाड शहरात त्याचे आणि फोरसेकन मोरिडिनचे बेलफायरचे झोत एकमेकांना छेदून गेले, तेव्हापासून दोघांत काहीतरी जुळले हे चाहत्यांनी ओळखले आणि देहांची अदलाबदल होईल, इथपर्यंत काहींनी तर्क नेला. तसेच झाले. अलिव्हिया ही जादूगार स्त्री रँडला मरायला मदत करील, या मिनच्या दर्शनाची वर्षानुवर्षे भीती घातली गेली, आणि प्रत्यक्षात तिने त्याला निघून जाण्यासाठी कपडे आणि पैसे ठेवले. किती साधी, किती माणुसकीची मदत!

पहिल्या वाचनाला थिअऱ्या अजिबात वापरू नयेत. दुसऱ्या वाचनाला चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या खंडासाठी त्या आवर्जून सोबत घ्याव्यात, कारण धागे तिथेच सर्वात दाट आहेत. आठव्या ते दहाव्या खंडांत कथा मंदावते आणि थिअऱ्याही पातळ होतात. तिथे मी दोन-दोन आठवडे वही उघडली नव्हती.

एक पान अजून अपुरे आहे. जॉर्डन यांनी मृत्यूपूर्वीच लिहून ठेवलेल्या शेवटच्या भागात, मोरिडिनच्या देहातला रँड घोड्यावरून निघतो. शक्तीला हात घालून पाहतो, ती हाती येत नाही. मग तो पाइप पेटलेला असल्याची नुसती कल्पना करतो आणि पाइप पेटतो. हे कसे घडले, याचे स्पष्टीकरण मालिकेत नाही. मोरिडिनच्या देहात अंधाराची शक्ती उरली असावी, ही थिअरी मी खोडली, कारण अंधार तर नुकताच पूर्णपणे बंदिस्त झाला आहे. अंधाराशी झालेल्या सामन्यात रँड विश्वाच्या पटाचे धागे थेट हातात घेऊन संभाव्य जगे विणतो. पाइप हे त्याच विणकामाचे सर्वात छोटे रूप आहे, असे मी डाव्या पानावर लिहिले आहे. उजव्या पानावर सध्या त्या सामन्याच्या प्रकरणांचे आकडे तेवढे आहेत, आणि पुढच्या जूनमध्ये मी ती प्रकरणे तिसऱ्यांदा काढून बसणार आहे.