बाराव्या भागासाठी दिलेले पैसे

चित्रित व्याख्यानांचा एक संच मी अनोळखी विक्रेत्याकडून विकत घेतला. संच मोठा असल्यामुळे त्याचे १२ भाग केले आहेत, असे त्याने सांगितले, आणि त्यात संशय घेण्यासारखे काही नव्हते. फाईली साठवण्याच्या फॅट३२ या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीची एक फाईल मावत नाही, म्हणून असे तुकडे सर्रास केले जातात.

पैसे भरताच ११ भाग आले. हे भाग रार प्रकारचे, म्हणजे अनेक फाईली एकत्र बांधून ठेवणारे होते; पहिला भाग अशा फाईली उघडणाऱ्या विनरार या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर व्याख्यानांची नावे आणि आकार दिसले, आणि माझा विश्वास बसला. मी फसलो तो तिथेच. रार फाईलला पासवर्ड लावताना आतली नावेही झाकायची की नाही, हा पर्याय वेगळा असतो. तो निवडला नाही तर नावे कोणालाही दिसतात, पण त्या नावाखाली नेमके काय भरले आहे, हे पासवर्डशिवाय कळत नाही.

बारावा भाग आणि पासवर्ड यांसाठी त्याने पुन्हा पैसे मागितले. शेवटचा भाग नसेल तर बाकीचे ११ निरुपयोगी ठरतील, या भीतीने मी ते दिले. ही भीती खोटी होती, हे मला फार उशिरा समजले. रारच्या भागांत फाईली ओळीने मांडलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या भागांत पूर्ण बसलेली फाईल शेवटचा भाग नसतानाही काढता येते. मी आधी फक्त पासवर्ड मागितला असता, तर पहिले व्याख्यान तिथल्या तिथे काढून पाहता आले असते. (सेव्हन-झिप या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ००१, ००२ अशा तुकड्यांचे तसे नसते; त्यांची यादी शेवटी असते आणि शेवटच्या तुकड्याशिवाय ती उघडत नाही.)

बारावा भाग आला, पण पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येत राहिला. तेव्हा विक्रेत्याने "हे साध्या प्रोग्रॅमने उघडत नाही" असे सांगून स्वतःचा प्रोग्रॅम पाठवला. तोही पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये (रारसारख्याच बांधलेल्या फाईलमध्ये) होता, आणि यामागचे कारण आता मला स्पष्ट दिसते: कुलूपबंद झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही. झिप उघडल्यावर अँटिव्हायरसने इशारा दिला, अँटिव्हायरसच बंद करण्यास मला सांगण्यात आले, आणि मी तो बंद केला. विनरार किंवा सेव्हन-झिप यांनी न उघडणारी रार फाईल दुसऱ्या कोणाच्या प्रोग्रॅमने उघडेल, हे मी कसे मानले, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी माझ्या ईमेलमध्ये परक्या यंत्रावरून प्रवेश झाला होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले होते. मी दुसऱ्या संगणकावरून सगळे पासवर्ड बदलले, सर्व ठिकाणची सुरू असलेली सत्रे (लॉगिन) बंद केली आणि माझा संगणक पूर्ण पुसून नव्याने उभा केला. त्या १२ भागांतून एकही व्याख्यान मला मिळाले नाही.