दोन्हीकडे जोशी, आणि आईच्या डोक्यावर पिवळा त्रिकोण (सात महिन्यांनंतर)

काल सकाळी कार्डातून 2,199 रुपये गेल्याचा मेसेज आला. पहिला महिना फुकट, मग सहामाही वर्गणी, आणि ती संपली की न विचारता पुढची. बारीक अक्षरं वाचली नाहीत ही चूक माझी. पण पैसे गेलेच आहेत तर वंशावळीच्या या सॉफ्टवेअरबद्दल लिहूनच टाकतो. झाड कसं काढायचं, फोटो कसे लावायचे हे सगळ्यांना येतं, ते सोडून.

जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी आमच्या चिपळूणच्या घरात शिरली आणि आजोबांची कागदांची ट्रंक लगदा होऊन बाहेर निघाली. राहिलं ते आत्याच्या डोक्यात आणि तिच्या एका वहीत. कुलवृत्तांत आहे, पण त्यात मुलगी सासरी दिली की तिची शाखा तिथेच थांबते. मला आईकडचेही हवे होते.

आणि आईकडचेही जोशीच. आम्ही गुहागरकडचे, गोत्र शांडिल्य. आजोळ आंजर्ल्याजवळ, गोत्र काश्यप. कोकणस्थांत चौदा गोत्रं, आणि जोशी त्यांतल्या कितीतरी गोत्रांत सापडतात. जोश्यांची मुलगी जोश्यांकडे गेली तर आपल्याकडे कोणी भुवई उचलत नाही. सॉफ्टवेअर उचलतं. आईच्या 'माहेरचे आडनाव' या रकान्यात जोशी लिहिलं आणि तिच्या फोटोवर पिवळा त्रिकोण उगवला: 'दोन्ही आडनावे सारखी आहेत, तपासा.' तपासलं. बंद केला. दुसऱ्या दिवशी परत हजर. आमच्या झाडात अशा सहा बायका आहेत, म्हणजे रोज सहा त्रिकोण. ग्राहक सेवेला लिहिलं तर उत्तर आलं, 'कृपया आपल्या आईचे खरे माहेरचे आडनाव भरावे.' मी चार दिवस तापलेला होतो.

गोत्राला रकानाच नाही. शेवटी 'उपाधी'च्या जागी लिहिलं, तर छापील तक्त्यात पणजोबा 'शांडिल्य विष्णू जोशी' झाले, एखाद्या महाराजांसारखे. लग्नात बायकांचं पहिलं नावही बदलायचं, हेही त्याच्या गावी नाही. आत्याच्या वहीत जन्म शकात आहेत; 78 मिळवून भरा (शकाच्या शेवटच्या तीनेक महिन्यांतला जन्म असेल तर 79), नाहीतर आजोबांचे आजोबा पेशवाईत जातात.

चौथ्या महिन्यापर्यंत माझं मत एवढंच होतं, आणि एक तारा द्यायचं ठरलं होतं. त्यात आणखी एक कटकट म्हणजे 'या दोन व्यक्ती एकच असाव्यात' ही सूचना. दोन्हीकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे विष्णू, गणेश, महादेव यांचा नुसता बाजार. बहुतेक सूचना बाद. एक मात्र पुन्हा पुन्हा यायची: आमच्याकडचे महादेव गणेश आणि आजोळचे महादेव विष्णू, दोघांचा जन्म शके 1834, चैत्र. वडील वेगळे, गाव वेगळं, गोत्र वेगळं. अकरा वेळा 'नाही' दाबलं.

मग जमिनीच्या कामासाठी जुने फेरफार काढले. मोडीत होते, वाचून घ्यायला पानाला पाचशे मोजले. 1926 च्या एका नोंदीत बाबांचे चुलत आजोबा गणेश मयत, वारस म्हणून दत्तक पुत्र महादेव. मूळचा मुलगा आंजर्ल्याकडचा. काश्यपाचा शांडिल्य झालेला.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मग? तुझ्या आईचं स्थळ महादेवकाकांनीच तर आणलं होतं." हे तिने सात महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

तेव्हा दोन तारे वाढवले. मशीनला दत्तक कळलं नव्हतं, नुसती तारीख जुळली होती, पण मी जे अकरा वेळा फेटाळलं ते बरोबर निघालं. दोन्ही महादेव एक केले. 'दत्तक' निवडायची सोय आहे, तीही बरी चालते, फक्त ते आता दोन्ही बाजूंना दिसतात आणि मधली रेघ आजोळच्या सगळ्यांच्या अंगावरून जाते.

छपाईचं आधीच सांगतो: जोडाक्षरं फुटतात. 'पुरुषोत्तम'चे तीन तुकडे झाले होते. मोठा तक्ता चिपळुणात फ्लेक्सवाल्याकडून करून घेतला, सॉफ्टवेअरच्या दरापेक्षा निम्म्यात.

पैसे परत मागितलेत. मिळाले नाहीत तर सहा महिने वापरून घेईन, 2,199 वाशिष्ठीत सोडणार नाही. तुम्ही घेणार असाल तर वर्गणी संपायच्या आत गेडकॉम फाईल (वंशावळ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते ती) उतरवून ठेवा, अक्षरांसाठी युटीएफ-8 हा पर्याय निवडून, नाहीतर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. त्रिकोण मात्र त्या फाईलबरोबर येत नाहीत, हे बघून घेतलंय.